बोर्ड बदलला, विंडोज अडली

मदरबोर्ड उडतो. दुकानदार नवा बसवतो, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडतो, बटण दाबतो. विंडोजचे चिन्ह उमटते आणि पाठोपाठ निळा पडदा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत यावर वर्षानुवर्षे एकच उतारा सांगितला गेला: ‘फॉरमॅट मारू या.’ डिस्क धडधाकट, तिच्यावरची एकही फाइल बिघडलेली नाही. मग शिक्षा तिलाच का? याचा माग काढत गेले की एक उलटा हिशेब हाती लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्राविषयी जितके कमी ठाऊक होते, तितके यंत्र बदलणे सोपे होते.

१९७० च्या दशकात गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या सिस्टिमपुढे नेमकी हीच अडचण होती. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे, डिस्क कंट्रोलर वेगळा. दरवेळी सिस्टिममध्ये हात घालावा लागे. किल्डाल यांनी हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटले. १९८१ च्या आयबीएम पीसीत बायोस बोर्डावरच्याच चिपमध्ये आला. त्यावर चालणाऱ्या डॉस या सिस्टिमला डिस्कवरचे काही वाचायचे असले की तो बायोसला सांगे. खाली कोणता कंट्रोलर आहे याची चौकशी तो करत नसे. त्यामुळे बोर्ड बदलला तरी सेटअपमध्ये डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे नीट भरले की डॉस सुरू होई. साउंड कार्डासारखी मंडळी रुसली, तर कार्डावरचे जंपर हलवायचे आणि कॉन्फिग फाइलमधली एखादी ओळ सुधारायची.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ ‘प्लग अँड प्ले’ घेऊन आली. जंपरची कटकट कमी झाली, कारण आता सिस्टिम स्वतःच उपकरणे शोधून त्यांची नोंद रजिस्ट्रीत ठेवू लागली. बोर्ड बदलल्यावर हीच वही अंगाशी येई. गेलेल्या बोर्डावरची उपकरणे नोंदीत तशीच राहत, नवी त्यांच्या शेजारी येऊन बसत आणि दोघांत भांडण लागे. तंत्रज्ञांनी तोड काढली: सेफ मोडमध्ये जायचे, रजिस्ट्रीतली ‘एनम’ ही फांदीच उडवायची, विंडोजची सीडी हाताशी ठेवून यंत्र पुन्हा चालू करायचे. सगळे विसरलेली विंडोज एकेक भाग नव्याने ओळखत उठे.

खरे दुखणे एनटीच्या घराण्यातून आले. डेव्ह कटलर यांच्या चमूने घडवलेली विंडोज एनटी १९९३ साली बाजारात आली. ती इंटेल, मिप्स, अल्फा अशा निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालावी म्हणून हार्डवेअर आणि गाभा यांच्यामध्ये ‘हॅल’ नावाचा थर घातला होता. यंत्रे बदलता यावीत यासाठीचाच हा थर. पण विंडोज टाकताना समोरच्या बोर्डाजोगा एकच हॅल निवडून बसवला जाई. माप घेऊन शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगात घालावा, तशी पुढे गत होई. विंडोज २००० आणि एक्सपीने हे घराणे घरोघरी नेले.

याहून मोठा घोटाळा डिस्क कंट्रोलरचा. विंडोजचे सुरुवातीचे तुकडे बायोसच्या मदतीने वाचले जात. नंतर गाभा कारभार हाती घेई आणि डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने वाचू पाही. ड्रायव्हर जुन्या कंट्रोलरचा असला की सिस्टिम ज्या डिस्कवरून उठत होती, तीच तिला दिसेनाशी होई. निळ्या पडद्यावरचा ‘सेव्हन बी’ क्रमांकाचा इशारा, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, तो हाच. मायक्रोसॉफ्टने यासाठी रजिस्ट्रीतल्या नोंदींची यादी दिली होती. जुना बोर्ड चालू असेल, तर जाणते लोक आधीच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा खास ड्रायव्हर काढून साधा ‘स्टँडर्ड’ लावत. ते राहून गेले, तर ‘रिपेअर इन्स्टॉल’: सीडीवरून सुरू करायचे, पहिल्यांदा ‘आर’ विचारले की ते टाळून एंटर दाबायचे, एफ-८ ने अटी मान्य करायच्या आणि दुसऱ्यांदा विचारले की मग ‘आर’. फाइली, प्रोग्रॅम शाबूत राहत. पहिल्याच ‘आर’ला हुरळून गेलेला माणूस रिकव्हरी कन्सोलच्या काळ्या पडद्यावर जाऊन पडे.

२५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आली आणि तिने आणखी एक प्रश्न आणला: यंत्र तेच आहे कशावरून? अ‍ॅक्टिव्हेशनसाठी ती हार्डवेअरच्या दहा गोष्टी टिपून ठेवी. नेटवर्क कार्ड तेच राहिले, तर सहा बदल झाल्यावर पुन्हा परवानगी मागे. तेही बदलले, तर चारच बदलांवर. नव्या बोर्डाबरोबर प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड असे बरेच काही एकदम बदलते. मग फोन लावून लांबलचक आकडे वाचून दाखवायचे. व्हॉल्यूम लायसन्सच्या चोरट्या प्रतींना हे अ‍ॅक्टिव्हेशन लागतच नव्हते. अडत होता तो पैसे मोजून विंडोज घेणारा.

लिनक्सची चाल वेगळी. तिचा गाभा दरवेळी सुरू होताना हार्डवेअर नव्याने शोधतो. २००० साली आलेल्या नॉपिक्सने तर अख्खी सिस्टिम सीडीवरून, समोर येईल त्या यंत्रावर उठवून दाखवली. तरी वही ठेवण्याचा मोह तिलाही सुटला नाही. नेटवर्क कार्डाची नावे एका फाइलीत पक्की होऊ लागली आणि बोर्ड बदललेल्या सर्व्हरवर ‘ईथ-झिरो’चे ‘ईथ-वन’ होऊन नेटवर्क बंद पडू लागले. ती फाइल पुसली की काम भागे.

विंडोज पुढे शहाणी झाली. विंडोज १० बहुतेक वेळा नव्या बोर्डावर आपली आपण उठते, उपकरणे तयार करते आणि कामाला लागते. २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला. ‘नुकतेच हार्डवेअर बदलले’ असे सांगितले की खात्यातून परवाना परत मिळवता येतो. मात्र विकत घेतलेल्या यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना सहसा त्या बोर्डापुरताच असतो.

पण अडचण जागा बदलून बसली. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये बूटची नोंद बोर्डाच्या स्मृतीत असते. जुन्या बोर्डाबरोबर ती जाते आणि कधी कधी डिस्क दिसत असूनही ‘बूट डिव्हाइस नाही’ असे उत्तर मिळते. त्याहून कडक पहारा टीपीएम या सुरक्षा चिपचा. विंडोजमधला बिटलॉकर डिस्क कुलूपबंद करतो आणि किल्ली टीपीएमच्या ताब्यात देतो. हा टीपीएम बोर्डावर तरी असतो, नाही तर प्रोसेसरमध्ये. तो बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ची अट घातली आणि कित्येक लॅपटॉपांच्या डिस्क मालकाला पत्ता नसताना कुलूपबंद होऊ लागल्या. पूर्वी फॉरमॅट मारण्याआधी दुकानदार डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फोटो तरी काढून देई. किल्ली नसेल, तर आता तेही होत नाही.

थोडक्यात, दुरुस्तीची वेळच बदलली आहे. डॉसच्या काळात ती बोर्ड बसवल्यावर सुरू होई. आज ती स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी संपवावी लागते. परवाना खात्याशी जोडलेला हवा, ४८ अंकी की कागदावर उतरवलेली हवी, सेटअपमध्ये डिस्क कंट्रोलर ‘एएचसीआय’ पद्धतीवर आहे की ‘रेड’वर हे टिपलेले हवे आणि बोर्ड ठरवून बदलत असाल, तर बिटलॉकर तेवढ्यापुरता स्थगित केलेला हवा. बोर्ड मात्र तारीख सांगून उडत नाही. म्हणून ती की आज, यंत्र नीट चालू असतानाच, लिहून ठेवलेली बरी.