संगणकसमूहाची जडणघडण : जाळे आणि नोड-व्यवस्थापन यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संगणकसमूहाच्या, म्हणजेच क्लस्टरच्या, बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते. समूहातील प्रत्येक संगणकास नोड म्हणतात व त्यातील प्रोसेसर बहुतेक वेळा बाजारात मिळणाराच असतो. अशा अनेक नोडना एका यंत्राचे स्वरूप प्राप्त होते ते त्यांना जोडणाऱ्या जाळ्यामुळे आणि त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे १९९४ ते २००७ या कालखंडातील या दोन अंगांच्या विकासाचा विचार केला आहे.

बेओवुल्फ आणि जाळ्याचा प्रश्न

नासाच्या गोडार्ड अंतराळ उड्डाण केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ नोडचा 'बेओवुल्फ' समूह उभा केला. त्यात इंटेलचे ४८६ डीएक्स-४ प्रोसेसर आणि लिनक्स ही कार्यप्रणाली वापरली होती. अडचण होती ती इथरनेटची. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारी एक वाहिनी प्रोसेसरच्या गतीस पुरी पडत नव्हती. बेकर यांनी लिनक्समध्ये अशी सोय केली की माहितीचा प्रवाह एकाच वेळी दोन इथरनेट वाहिन्यांवर विभागला जाई. महागडे जाळे न घेता ती उणीव सॉफ्टवेअरने बऱ्याच अंशी भरून काढली.

त्याच वर्षी एमपीआय हे संदेशवहनाचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यामुळे एकदा लिहिलेला प्रोग्रॅम निरनिराळ्या समूहांवर चालविणे शक्य झाले. मात्र इथरनेटवर प्रत्येक संदेश कार्यप्रणालीच्या हातून जात असल्याने विलंब होत असे. मिरिनेट व पुढे इन्फिनीबँड या जाळ्यांत कार्यप्रणालीस वळसा घालून जाळ्याच्या कार्डामार्फत थेट माहिती पाठविण्याची सोय झाली.

नोड-व्यवस्थापनाचे दोन मार्ग

नोडची संख्या वाढली तशी दुसरी अडचण पुढे आली. प्रत्येक नोडवर स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर बसविल्यास कालांतराने त्यांच्यात फरक पडत जातो आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधणे कठीण होते. यावर दोन भिन्न उत्तरे शोधली गेली. बेकर यांच्या सायल्ड या कंपनीने संपूर्ण कार्यप्रणाली केवळ मुख्य नोडवर ठेवली व इतर नोडवरील कामेही तेथूनच दिसतील अशी रचना केली. सॅन डिएगो सुपरकंप्युटर सेंटरने २००० मध्ये आणलेल्या 'रॉक्स'ने वेगळा मार्ग धरला. नवा नोड सुरू होताच मुख्य नोड त्याची जाळ्यावरील विनंती ओळखून त्यास नाव व पत्ता देई. नोडमध्ये बिघाड झाल्यास दोष शोधत बसण्याऐवजी त्यावर संपूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे, हे तत्त्व रॉक्सने स्वीकारले.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास पुढे आलेल्या 'स्लर्म'ने नोडच्या स्थितीची नोंद ठेवण्यावर भर दिला. नोड मोकळा आहे, कामात आहे की बंद आहे, हे त्यावरून कळते. दुरुस्तीसाठी बाजूला काढावयाच्या नोडला नवे काम दिले जात नाही, परंतु त्यावर चालू असलेले काम पूर्ण होऊ दिले जाते. एका नोडच्या देखभालीसाठी संपूर्ण समूह थांबविण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

भारतीय संदर्भ

प्रगत महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यावर निर्बंध असताना १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेल्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्युटर वापरले होते. परस्परांशी जोडणीची सोय त्या प्रोसेसरमध्येच होती. १९९८ च्या परम १०००० मध्ये सन कंपनीचे संगणक समूहरूपाने जोडण्यात आले. येथे संगणक बाहेरून घेतलेले असले, तरी 'परमनेट' हे जाळे सी-डॅकने स्वतः विकसित केले होते, ही बाब लक्षणीय आहे. स्वावलंबनाचा प्रयत्न प्रोसेसरपेक्षा जोडणीच्या तंत्रात अधिक यशस्वी झाला, असे यावरून म्हणता येईल. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजच्या 'एका' या इन्फिनीबँडने जोडलेल्या समूहाने जागतिक टॉप-५०० यादीत चौथे स्थान मिळविले.

समारोप

संगणकसमूहाने महासंगणनाचा खर्च कमी केला, हे विधान अर्धेच खरे आहे. यंत्राची किंमत घटली, परंतु खर्चाचा काही भाग जाळ्याच्या उभारणीकडे आणि नोडच्या नित्य देखभालीकडे सरकला. रॉक्स व स्लर्म यांसारखी साधने हे श्रम कमी करण्यासाठीच निर्माण झाली. तरीही ती हाताळणाऱ्या जाणकाराची गरज त्यांनी संपविली नाही. महाविद्यालयाने प्रयोगशाळेतील संगणक जोडून समूह उभारण्याचे ठरविल्यास खरेदीच्या अंदाजपत्रकात जाळ्याची आणि प्रशिक्षित व्यवस्थापकाचीही तरतूद करणे आवश्यक आहे. अन्यथा जोडलेले संगणक एका खोलीत असतील, पण त्यांचा समूह होणार नाही.