पलासियात छळ, जळगावात तक्रार: कायदा काय सांगतो?

सासर इंदूरच्या पलासियात, माहेर जळगावात. नवऱ्याचा जाच सोसवेना म्हणून बाई माहेरी आली, तर तक्रार कुठं करायची? ‘जिथं मारलं तिथंच जा’ असं ऐकून बऱ्याच जणी गप्प बसतात. पण तसं नाही. ९ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की परिस्थितीनुसार आसरा घेतलेल्या ठिकाणीही गुन्हा दाखल होऊ शकतो; कारण छळाचा मानसिक त्रास माहेरीही संपत नाही.

कलम कोणतं? : १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६, त्याआधीच्या घटनांना जुनं ४९८-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मारहाणच हवी असं नाही. मनाच्या आरोग्याला गंभीर इजा होईल असं वागणंही क्रूरताच.

लग्न झालेलं नसेल तर? : कलम ८५ लागत नाही. मात्र मारहाणीचा गुन्हा होतोच. नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेशही मिळतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मदतीसाठी : पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१.