तळटीप ७ : आत जाणारी फाइल, बाहेर येणारी फाइल

७. लेखकांनी इथे आज्ञेपुढे फाइलींची दोन नावे दिली आहेत : आधी वाचायची, मग लिहायची. युनिक्समधल्या ‘सीपी’चा हाच क्रम, पण तो सार्वत्रिक नाही. ‘टार’ने गठ्ठा बांधताना तयार होणाऱ्या गठ्ठ्याचे नाव आधी येते. ‘सॉर्ट’ला बाहेरचे नाव दिलेच नाही, तर निकाल पडद्यावर उमटतो.

खरा धोका दोन्हीकडे एकच नाव देण्यात आहे. नागपुरात या पुस्तकाची झाडीबोली शब्दसूची अकारविल्हे लावताना मी ‘सॉर्ट’, सूचीचे नाव, मग ‘>’ ही खूण आणि पुन्हा तेच नाव असे लिहिले. सूची क्षणात कोरी झाली. भंडारा, गडचिरोलीकडच्या वृद्धांकडून ऐकून टिपलेले शब्द होते ते. वह्या जपल्या होत्या म्हणून पुन्हा उतरवता आले. कारण असे की ‘>’ पुढची फाइल शेल आधी रिकामी करते आणि मगच आज्ञा सुरू होते. ‘सॉर्ट’ला वाचायला काही उरतच नाही. त्याऐवजी ‘-ओ’ हा पर्याय वापरून नाव दिले, तर ‘सॉर्ट’ सगळा मजकूर वाचून झाल्यावरच लिहायला घेते. तिथे तेच नाव चालते. (युनिकोडच्या नुसत्या अनुक्रमांकांनी लावले तर ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’पाठोपाठ येतो, हेही तपासावे.)

पुढची उदाहरणे करून पाहताना वाचकांनी बाहेरच्या फाइलीला वेगळेच नाव द्यावे आणि मूळ फाइलीची एक प्रत आधी बाजूला ठेवावी, ही विनंती. — संपादक