टायटॅनियम हाडाला धरून बसतं, हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "यात नवीन काय आहे?" आपण घाईने सांगतो, "सर, यावर आधी कुणी काम केलेलं नाही." हे उत्तर किती पोकळ असू शकतं, ते डेंटल इम्प्लांटच्या इतिहासात छान दिसतं. विषय दातांचा असला तरी लेख फक्त दंतवैद्यकाच्या मुलांसाठी नाही. मी स्वतः त्या शाखेचा नाही. मला यात ओढलं ते पदार्थविज्ञानाने.

आधी वस्तू समजून घेऊ. पडलेल्या दाताच्या जागी काय बसवता येतं? कवळी हिरडीवर टेकते, म्हणून चावताना हलते. ब्रिज पक्का असतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो दाताच्या मुळाचं काम करतो आणि वर कॅप बसते. हा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: हाड वाढून थेट धातूला भिडतं, मध्ये मऊ पेशींचा थर राहत नाही. याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. 'अस्थि-एकीकरण' असा प्रतिशब्द करता येईल, पण मला 'हाडात रुजणं' जास्त आवडतं.

पडलेल्या दाताच्या जागी काहीतरी रोवायची कल्पना फार जुनी. होंडुरासमध्ये १९३१ साली माया संस्कृतीतल्या एका जबड्याचा तुकडा सापडला, साधारण इ. स. ६०० च्या सुमाराचा. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे, दातासारखे घासलेले तुकडे होते. ते मेल्यानंतर बसवले असतील असा समज होता. १९७० मध्ये त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा त्यातल्या दोन तुकड्यांभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते! पुढे विसाव्या शतकात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू आले, हिरडीखाली हाडावर बसणाऱ्या जाळ्या आल्या, पात्यासारखे इम्प्लांट आले. काही टिकले, बरेच सैल झाले. त्यांचा तपशील इथे सोडतो.

महत्त्वाचं हे की या अनुभवांतून एक समज पक्का झाला होता: परक्या धातूभोवती शरीर तंतुमय पेशींचं वेष्टण करणारच. काही जण तर त्या वेष्टणाला चांगलंच मानत. खऱ्या दाताच्या मुळाभोवतीही पेशींची गादी असते ना, तशीच ही, असा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ.

१९४० साली बोथ, बीटन आणि डॅव्हनपोर्ट या तिघांनी मांजरांच्या मांडीच्या हाडात वेगवेगळे धातू बसवून पाहिले. टायटॅनियमशी हाड एकजीव होण्याकडे झुकतं, असं त्यांनी नोंदवलं. १९५१ मध्ये गॉटलिब लेव्हेंथाल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. सहा आठवड्यांनी ते थोडे घट्ट झाले होते, बाराव्या आठवड्यात काढायला जड गेले आणि सोळाव्या आठवड्यात एक स्क्रू काढताना हाडच मोडलं. स्क्रू सुटला नाही, हाड मोडलं! यापेक्षा स्पष्ट निरीक्षण काय हवं?

आणि तरीही पाठ्यपुस्तकात नाव असतं पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांचं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात ते जिवंत प्राण्याच्या अस्थिमज्जेतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात भिंग असलेली एक बारीक डबी बसवायची, जणू हाडाला खिडकीच. डबी टायटॅनियमची होती. प्रयोग संपल्यावर महागडी डबी काढून पुन्हा वापरायची, तर ती निघेना. १९५९ साली आलेला त्यांचा प्रबंध मज्जेच्या सूक्ष्मदर्शनावर आहे, दातांवर नाही. बहुतेक ठिकाणी या शोधाचं साल १९५२ दिलेलं असतं. काही लेखांत मात्र १९६२ सापडतं, तेही त्यांच्याच जवळच्या सहकाऱ्याच्या. एकाच शोधाच्या दोन तारखा! दोन्ही तारखा सांगणारे आपापल्या जागी प्रामाणिकच आहेत. एक गट 'डबी निघाली नाही' तो दिवस मोजतो, दुसरा 'डबी न निघणं हाच विषय आहे' हे लक्षात आलं ते वर्ष.

माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं. लेव्हेंथाल यांना स्क्रू निघत नाही हे दिसलं होतं, पण ते अस्थिशल्यचिकित्सेसाठी चांगला धातू शोधत होते आणि तो मिळाला. त्यांचा प्रश्न तिथे संपला. बोथ आणि मंडळी धातूंची तुलना करत होती, तीही पूर्ण झाली. ब्रोनेमार्क यांनी न निघणारी डबी हा नवा प्रश्न मानला आणि आपल्या कामाची दिशाच बदलली. कुत्र्यांच्या जबड्यात स्क्रू बसवले, त्यांच्यावर दात बसवले, वर्षानुवर्षं पाहिलं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिला रुग्ण आला, योस्टा लार्सन. वय ३४, जन्मतः टाळूत फट, खालच्या जबड्यात एकही दात नाही. त्यांच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोपर्यंत ते स्क्रू काम देत होते.

पण एका रुग्णाने विज्ञान सिद्ध होत नाही. इथून पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण अडचण पुराव्याची होती.

टीकाकारांचा आक्षेप सरळ होता: हाड धातूला थेट भिडलंय, मध्ये थर नाही, हे दाखवा. आता हे दाखवायचं कसं? हाडाचा पातळ काप घ्यायचा तर नेहमीची पद्धत अशी: आम्लात ठेवून हाडातलं कॅल्शियम काढायचं, मेणात बसवायचं आणि मायक्रोटोमने कापायचं. पण मायक्रोटोमचं पातं टायटॅनियम कापत नाही. म्हणजे काप घेण्याआधी स्क्रू काढायला हवा. आणि स्क्रू काढला की ज्या सीमारेषेबद्दल वाद आहे तीच फाटते! प्रयोगाची पद्धतच उत्तर नष्ट करते. आपल्या विषयातही असं होतंय का, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावं.

यातून वाट काढली ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या आंद्रे श्रोडर यांच्या गटाने. त्यांनी कॅल्शियम न काढता, कडक हाड आणि धातू एकत्रच कापून, घासून पातळ केले आणि १९७६ मध्ये थेट संपर्क दाखवला. त्यांनी याला 'फंक्शनल अँकिलोसिस' म्हटलं. अँकिलोसिस म्हणजे दाताचं मूळ हाडाला जखडणं. दंतवैद्यकात ही बिघाडाची खूण मानतात. इथे तोच बिघाड कामाचा ठरला. १९७७ मध्ये ब्रोनेमार्क यांच्या गटाने दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि 'ऑसिओइंटिग्रेशन' हा शब्द रूढ होऊ लागला. दोन्ही गटांना दिसलेली गोष्ट जवळपास एकच, पण आज आपण कुणाचा शब्द वापरतो बघा.

१९८१ चा आडेल आणि सहकाऱ्यांचा लेख मात्र तुम्ही मुळातूनच वाचा, कारण आकडे कसे वाचायचे ते त्यातून शिकता येतं. १५ वर्षांत ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांत २७६८ स्क्रू. त्यातल्या पाच ते नऊ वर्षं पाहिलेल्या १३० जबड्यांचा हिशेब असा: वरच्या जबड्यात ८१ टक्के स्क्रू टिकले, खालच्या ९१ टक्के. पण वर बसवलेले ब्रिज मोजले तर वरच्या जबड्यात ८९ टक्के आणि खालच्या चक्क १०० टक्के स्थिर राहिले. आकडे खोटे नाहीत, मोजमापाचं एकक बदललंय. एक ब्रिज अनेक स्क्रूंवर उभा असतो, एखादा पडला तरी बाकीचे तोलून धरतात. शिवाय हे सगळे पूर्ण दात गेलेले जबडे आहेत. एकच दात बदलण्याबद्दल हा लेख काहीच सांगत नाही. जाहिरातीत 'यश ९५ टक्के' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचे टक्के? स्क्रूचे, ब्रिजचे की माणसांचे?

पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, जॉर्ज झार्ब यांनी टोरोंटोला परिषद भरवली आणि उत्तर अमेरिकेने स्वीडिश पद्धत मनावर घेतली. रुजण्यासाठी काय काय लागतं याचा अभ्यास तोवर सुरू झालाच होता: धातू, त्याचा पृष्ठभाग, स्क्रूचा आकार, हाडाची अवस्था, शस्त्रक्रियेची पद्धत, भार कधी द्यायचा. टायटॅनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो आणि हाडाची गाठ खरं तर त्या थराशी पडते. म्हणजे आपण धातू म्हणतो, पण हाडाला भेटतं ते सिरॅमिक! आणि १९८३ मध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडात तीच जुनी खिडकीची युक्ती वापरून मोजलं, की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. म्हणून ड्रिल हळू फिरवतात आणि सलाईन सोडत राहतात. जी डबी काढता आली नव्हती, तिच्याच पद्धतीने ती रुजण्याची अट सापडली.

मग आता सगळं ठरलं का? नाही. ब्रोनेमार्क यांच्याबरोबर काम केलेले हेच टोमास अल्ब्रेक्टसन गेल्या काही वर्षांत म्हणतायत, की हाड टायटॅनियमला 'स्वीकारत' नाही, तर परकी वस्तू म्हणून भोवती भिंत घालतं. फक्त ही भिंत हाडाची असते आणि समतोल टिकला तर आपल्या फायद्याची. हे खरं मानलं तर इम्प्लांटभोवतीचं हाड झिजू लागणं म्हणजे नेहमी जंतूंचाच हल्ला नसून, तो समतोल बिघडल्याची खूणही असू शकते. जे जंतूंना मुख्य दोषी मानतात त्यांना हे पटलेलं नाही. वाद चालू आहे, आणि १९४० पासून दिसत आलेल्या त्याच गोष्टीबद्दल चालू आहे.