बरोक कंठसंगीतातील भावाभिव्यक्ती

सुमारे १६०० ते १७५० या काळातील यूरोपीय गायनसंगीताचा प्राण म्हणजे शब्दांतील भाव श्रोत्याच्या मनात जागवणे. संगीतकार माँतेव्हेर्दीने ‘ऑर्फेओ’ या संगीतिकेत (१६०७) बोलण्याच्या लयीला जवळची गायकी आणून ही वाट रुळवली.

या काळात विलापगीते तर अनेकांनी रचली. संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनिअस’ या संगीतिकेतील राणी डायडोच्या अखेरच्या गीतात अर्धस्वरांनी उतरणारी एकच खर्जातली ओळ पुन्हापुन्हा वाजत राहते. गायिकेची वाक्ये मात्र त्या ओळीच्या शेवटाशी थांबत नाहीत, ती ओलांडून पुढे जातात. मरण अटळ आहे आणि मन अजून थांबायला तयार नाही, हे एवढ्या साध्या रचनेतून उमटते.

बाख आणि हँडेल हे दोघेही संगीतकार १६८५ मध्ये जन्मले. हँडेल रंगभूमीवर वाढलेला. ‘मेसाया’तील (डब्लिन, १७४२) ख्रिस्ताच्या अवहेलनेचे गीत तो मेजर स्वरश्रेणीत बांधतो आणि तुटक वाक्यांमधील स्तब्धतेतून दुःख पोहोचवतो. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये (लाइपसिक, १७२७) ख्रिस्ताचा शिष्य पीटर गुरूला नाकारून रडतो, त्यानंतर क्षमेची याचना येते. आधी व्हायोलिन आळवते, मग आल्टो स्वर. गाणारा पीटर नसतो, त्यामुळे अपराध ऐकणाऱ्या प्रत्येकाचा होतो. भावनेची इतकी खोली हँडेलमध्येही क्वचितच सापडते.

‘मेसाया’ची लोकप्रियता हँडेलच्या हयातीपासून टिकून राहिली, बाखचे ‘पॅशन’ मात्र संगीतकार मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिन येथे पुन्हा सादर केल्यावरच सर्वदूर पोहोचले.