७०७ : एका क्रमांकाची साधार हकीकत

बोइंगच्या पहिल्या जेट प्रवासी विमानाला ७०७ हा क्रमांक कसा मिळाला, याचा एक खुलासा वर्षानुवर्षे सांगितला जातो. विमानाचे पंख ४५ अंशांनी मागे कललेले, ४५ अंशांची कोज्या ०.७०७, म्हणून हा क्रमांक. खुलासा इतका नेटका आहे की तो तपासावा असे कोणाला वाटत नाही. पण विमानाचे आराखडे उघडले की तो टिकत नाही. ७०७च्या पंखांचा कल ३५ अंशांचा आहे.

कंपनीचे इतिहासकार मायकेल लोम्बार्डी यांनी २००४ मध्ये ‘बोइंग फ्रंटियर्स’ या कंपनीच्याच मासिकात दिलेली हकीकत वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्यम अॅलन यांनी कंपनीचा पसारा लष्करी विमानांपलीकडे वाढवायचे ठरवले. त्यासाठी अभियांत्रिकी विभागाने क्रमांकांची शतके वाटून दिली. ३०० आणि ४०० विमानांना, ५०० टर्बाइन इंजिनांना, ६०० अग्निबाण व क्षेपणास्त्रांना आणि ७०० जेट वाहतूक विमानांना. या हिशेबाने पहिले जेट ‘मॉडेल ७००’ ठरले असते. विक्री विभागाला ते नाव कानाला रुचले नाही आणि त्यांनी ७०७ सुचवले.

ही हकीकत घटनेनंतर अर्धशतकाने छापली गेली, त्यामुळे तिला समकालीन पुरावा हवा. तो प्रत्यक्ष विमानावरच रंगवलेला आहे. बोइंगचे प्रायोगिक जेट १५ जुलै १९५४ रोजी पहिल्यांदा उडाले, तेव्हा त्याचा नोंदणी क्रमांक एन-७०७०० होता. म्हणजे १९५४च्या मध्यापर्यंत ७०७ हा आकडा ठरलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते. गंमत अशी की कंपनीच्या दप्तरी तेच विमान ३६७-८० होते. ३६७ हा पंख्याच्या इंजिनांवर चालणाऱ्या जुन्या लष्करी मालवाहू विमानाचा क्रमांक. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून तो वापरला, असे सर्रास सांगितले जाते. मात्र त्याआधीचे जेटचे काही प्रस्ताव खरोखरच ३६७च्या आराखड्यातून निघाले होते, हेही विसरता येत नाही. गुप्तता आणि वंशावळ ही दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

पुढची मालिका आपोआप चालत गेली असे वाटते, पण कागद तसे सांगत नाहीत. ७१७ हा क्रमांक कंपनीने हवाई दलाच्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानाला दिला होता. ७०७ची हलकी, आखूड आवृत्ती आधी ७०७-०२० होती. युनायटेड एअरलाइन्सच्या आग्रहाने ती ७२० झाली आणि शेवटचे सात गेले. १९९७ मध्ये मॅकडॉनेल डग्लस कंपनी बोइंगमध्ये विलीन झाली. तिचे एमडी-९५ हे विमान पुढच्या वर्षी ७१७ या नावाने बाजारात आले. नावावरून ते बोइंगच्या घराण्यातले वाटते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या दप्तरात मात्र ७१७-२००ची नोंद ‘ए-६-डब्ल्यूई’ या प्रमाणपत्राखाली आहे, आणि ते प्रमाणपत्र १९६५च्या डग्लस डीसी-९चे. जाहिरातीने कूळ बदलले, प्रमाणपत्राने ते जपून ठेवले.

क्रमांकाचा शेवटचा भाग याहून बोलका आहे. बोइंग प्रत्येक ग्राहक कंपनीला एक संकेतांक देत असे. २१ पॅन अॅमचा, ३६ ब्रिटिश कंपनी बीओएसीचा, ३८ क्वांटासचा आणि ३७ एअर इंडियाचा. म्हणून एअर इंडियाने १९६० मध्ये घेतलेली पहिली जेट विमाने ७०७-४३७ आहेत. यातले ४ म्हणजे रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांची मालिका, ३७ म्हणजे ग्राहक. विमान पुढे विकले गेले तरी संकेतांक बदलत नसे. अमेरिकेच्या नासाने अंतराळयान पाठीवर वाहण्यासाठी वापरलेले एक विमान ७४७-१२३ होते, कारण ते मुळात संकेतांक २३च्या अमेरिकन एअरलाइन्ससाठी बांधलेले होते.

या दोन अंकांचे मोल अपघातांच्या नोंदी वाचताना कळते. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले ‘कांचनजंगा’ मॉं ब्लां पर्वतावर आदळले आणि डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. ते ७०७-४३७ होते. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून उडालेले ‘एम्परर अशोक’ वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले, २१३ जण गेले, ते ७४७-२३७बी. मोठ्या दिमाखात ठेवलेली नावे कंपनीची हौस सांगतात. इंजिने कोणती, आवृत्ती कोणती, विमान कोणासाठी बांधले गेले, हे चौकशी करणाऱ्याला क्रमांकातून कळते.

आजही ही दुहेरी नोंद चालू आहे. जगभर ‘७३७ मॅक्स ८’ म्हणून ओळखले जाणारे विमान प्रमाणपत्रात नुसते ७३७-८ आहे, तर ७३७-८०० ही त्याच्या आधीची वेगळी पिढी. दोन शून्ये गाळली की विमान बदलते. म्हणून विमानाच्या इतिहासाला हात घालताना आधी प्रमाणपत्र, मग नोंदणी आणि शेवटी जाहिरात, हा क्रम मी सोडत नाही. जाहिरात खोटी असतेच असे नाही. पण ती गिऱ्हाइकासाठी लिहिलेली असते आणि प्रमाणपत्र विमान उडवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि वेळ आलीच तर त्याचे अवशेष ओळखणाऱ्या माणसासाठी. त्या माणसाला चूक परवडत नाही, म्हणून त्याच्या कागदावर इतिहासाने अधिक भरवसा ठेवावा.