शिक्षकांचे वेतन व सामाजिक दर्जा

शिक्षकांचे वेतन व सामाजिक दर्जा : अध्यापनकार्याबद्दल शिक्षकास मिळणारा नियमित मोबदला, त्यास पूरक असे भत्ते आणि त्यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असणारे त्याचे समाजातील स्थान. गुरूविषयीचा परंपरागत आदर आणि शिक्षकाचे तुटपुंजे उत्पन्न यांतील विसंगती हा या विषयाच्या इतिहासाचा मुख्य धागा होय. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील शालेय शिक्षकांपुरता त्याचा आढावा घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगावच्या पंतोजींच्या शाळा देवळात, धर्मशाळेत किंवा एखाद्याच्या ओसरीवर भरत. पंतोजीस ठराविक पगार नसे. मुलांकडून मिळणारी अल्प फी, धान्य-शिधा आणि सणावारी मिळणाऱ्या भेटी यांवर त्याचा चरितार्थ चाले. साहजिकच त्याचे उत्पन्न पालकांच्या ऐपतीवर व मर्जीवर अवलंबून असे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. त्यानंतर पगारी व प्रशिक्षित शिक्षकांचा वर्ग हळूहळू वाढत गेला. तथापि पगार कमीच राहिले.

याच काळात शाळांच्या अनुदानासाठी ‘परीक्षेतील फलानुसार अनुदान’ हे तत्त्व स्वीकारण्यात आले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने ते रूढ केले होते. निरीक्षकाच्या परीक्षेत जितकी मुले उत्तीर्ण होत, तितके अनुदान शाळेस मिळे. खर्चात काटकसर झाली. परंतु घोकंपट्टी वाढली आणि शिक्षकाचे उत्पन्न व मन:स्वास्थ्य वार्षिक परीक्षेशी बांधले गेले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने भारतात ही पद्धत त्याज्य ठरविली.

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेले निवेदन या संदर्भात महत्त्वाचे आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी व कष्टकरी वर्गांशी ते मोकळेपणाने मिसळणारे असावेत, त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी सुचविले. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास उत्तेजनार्थ भत्ता द्यावा, असेही त्यांचे मत होते. मात्र हा भत्ता पगाराव्यतिरिक्त होता, पगाराऐवजी नव्हे. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री यांसारखी कामे शिक्षकाकडे सोपविल्यास गावात त्याचे वजन वाढेल, अशीही त्यांची धारणा होती. वेतन, भत्ता आणि दर्जा यांचा एकत्रित विचार करणारी ही मांडणी होती.

मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९२३ अन्वये प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे गेले. शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि खाजगी शाळांतील वेतनमानांतील तफावत पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी व विमा अशी त्रिविध लाभयोजना शिफारसिली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) व्यवस्थापन कोणतेही असले, तरी समान पात्रतेच्या व जबाबदारीच्या शिक्षकांस समान वेतन असावे, असा आग्रह धरला. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा अधिनियम १९७७ मध्ये झाला. मनमानी बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी न्यायाधिकरणाची सोय त्यामुळे उपलब्ध झाली.

यानंतरची वाटचाल सरळ नाही. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना सुरू झाली. तीनुसार नवनियुक्तास पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधन मिळते. प्राथमिक स्तरावरील हे मानधन २०२३ मध्ये दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये करण्यात आले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत आलेल्यांस जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपविण्यास मनाई केली, तसेच खाजगी शिकवण्यांनाही बंदी घातली. फुले यांना गावकीच्या कामांतून शिक्षकाची प्रतिष्ठा वाढेल असे वाटत होते. आज अशा कामांचा भार हीच शिक्षकांची एक प्रमुख तक्रार आहे. म्हणून पुरेसे व निश्चित वेतन आणि अध्यापनासाठी मोकळा वेळ या दोन्ही गोष्टी शिक्षकाच्या दर्जाचा पाया ठरतात.